एका विहिरीला एक नंबर

आमच्या कंपनीत तक्रारी कमी झाल्या की सर सगळ्यांना वडापाव खाऊ घालतात. त्या दिवशी मिसळ मागवली होती, म्हणजे आकडा फारच उतरला होता.

आम्ही मोबाईल स्टार्टर बनवतो. विहिरीवरच्या मोटारीला एक पेटी बसवायची, पेटीत सिमकार्ड. शेतकऱ्याने घरून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मळ्यात साप असतात, आता बिबटेही असतात. त्यामुळे ही पेटी चैनीची वस्तू राहिलेली नाही. कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, माझं घर नाशिक रोडला. पेटीत काय असावं, काय नसावं आणि एखादा बदल केला तर त्याचा उपयोग झाला की नुकसान, हे बघणं माझं काम. पदाचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तू तिथं नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "मोजते." त्यांना ते पटलं. मलाही त्याहून बरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

तेव्हाचा बदल साधा होता. जुन्या पेटीला पाच फोन नंबर जोडता येत. बाप, मुलगा, सालगडी, कोणीही फोन लावावा. त्यातून घोळ व्हायचे. एकाने बंद केलेली मोटार दुसरा चालू करायचा. विहिरीत पाणी नसताना मोटार फिरत राहायची आणि जळायची. खिशातल्या खिशात फोन लागायचा आणि शेजाऱ्याच्या कांद्यात तळं साचायचं. मग आम्हाला फोन, "तुमची पेटी आपोआप चालू होती ओ." पेटी आपोआप काहीही करत नाही. पण घरातलं कोणी चूक कबूल करत नाही आणि पेटीला तोंड नाही.

म्हणून ठरलं, एका पेटीला एकच नंबर. नवा प्रोग्रॅम जुन्या पेट्यांतही इथूनच पाठवायचा. पहिला नोंदलेला नंबर ठेवायचा, बाकीचे काढायचे आणि तसा मेसेज त्या पहिल्या नंबरला टाकायचा. परिणाम कसा मोजायचा तेही त्याच बैठकीत ठरलं. 'आपोआप चालू झाली' अशा तक्रारी बदलाच्या आधी किती यायच्या आणि नंतर किती येतात, बस. मलाही ते पटलं होतं. माझं माहेर मखमलाबादच्या बाजूचं, भाजीपाला आणि फुलं करणारं. पाण्याची पाळी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. तरी बैठकीच्या खोलीत ती आठवली नाही, कारण तिथे समोर पेटी होती, विहीर नव्हती.

दिवाळीच्या आधी बदल झाला. दिवाळीनंतर मिसळ आली.

"पेटी शहाणी झाली," सर म्हणाले आणि दुसरा पाव घेतला.

आकडा असा छान उतरला की मी फोन उचलणाऱ्या मुलीशी बोलते, ही माझी जुनी सवय. कागदावर काय आलं ते मला दिसतं. कागदावर काय येऊ शकलं नाही ते तिला माहीत असतं.

"तसं काही नाही मॅडम," ती म्हणाली. "एक बाई सारखा फोन करतात, पण त्यांची तक्रार घेताच येत नाही."

"का?"

"त्यांचा नंबर कुठल्याच पेटीला नाही. नंबर टाकला की कॉम्प्युटर पुढे जात नाही. म्हणतात, पेटी आमच्या दादांच्या नावावर आहे. मी म्हणते, मग दादांना फोन करायला सांगा. त्यावर त्या हसतात."

"हसतात?"

"वाईट हसतात मॅडम. मला आता तो फोन घ्यायला नको वाटतं."

मी स्वतः त्या बाईंना फोन लावला आणि येत्या शनिवारी येते म्हणून सांगितलं. कंपनीतून कोणी येतंय यावर त्यांचा विश्वास बसला नाही. "या ना," त्या म्हणाल्या, "येऊन जा. पाहुणे तरी येतील दारात."

शनिवारी मी लासलगावच्या एसटीने निघाले आणि निफाडच्या पुढे फाट्यावर उतरले. त्या स्कूटी घेऊन न्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, उन्हाने रापलेल्या, डोक्याला घट्ट रुमाल. मागे बसल्यावर मी विचारलं, द्राक्षबाग किती? "एकर. आन त्या एकरावर पोरीचं शिक्षान, माझं पोट आन गावाची नजर."

गोष्ट त्यांनी बागेच्या बांधावर बसून सांगितली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याआधीच दोघा भावांची जमीन वाटून झाली होती, पण विहीर आणि मोटार सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या चार माणसांदेखत ठरलेल्या. पेटी थोरल्या भावाने, म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांनी, दादांनी घेतली, म्हणून पहिला नंबर दादांचा. दुसरा धाकट्या भावाचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यावर त्या जागी बाईंचा घातला. आपली पाळी आली की त्या घरून फोन लावत, मोटार चालू करत, पाणी झालं की बंद करत. दोन वर्षं कोणाला विचारायची वेळ आली नाही. मोटारीच्या खोलीला कुलूप होतं, कारण केबलचोरांचा सुळसुळाट. किल्ली दादांकडे. ती मागायचीही गरज पडली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर, द्राक्षाची छाटणी होऊन कोंब फुटले असताना, त्यांनी फोन लावला आणि पेटीतली बाई बोलली, आपला नंबर नोंदलेला नाही.

"तुमची ती बाई लय गोड बोलते," त्या म्हणाल्या. "आता चहा घ्या. कंपनीची माणसं म्हंजी चहा पाजलाच पाह्यजे. पाणी नका मागू, पाणी दादाला इचारून मिळतं."

मी त्यांना सरळ सांगितलं, "नंबर दादांनी काढला नाही. आम्ही काढला. तुमचा एकटीचा नाही, सगळ्यांचेच काढले. पहिला ठेवला आणि बाकीचे काढले."

त्यांनी कप खाली ठेवला.

"समद्यांचे?"

"सगळ्यांचे."

"आन सांगितलं नाय?"

"मेसेज पाठवला होता. पहिल्या नंबरला."

"म्हंजी दादाला. दादा मेसेज वाचत नाय ताई. त्यांना चष्मा लागलाय आन ते लावत नाय. म्हातारा दिसतो म्हणे."

मग त्या बागेकडे बघायला लागल्या. घड चांगले होते, पण एकाच ओळीत कुठे मणी भरलेले तर कुठे बारीक राहिलेले. पाणी वेळेवर मिळालेलं नाही हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"मी त्यांना दशक्रियेत बोलले ओ," त्या म्हणाल्या.

चुलत सासऱ्यांचा दशक्रिया विधी होता, गोदाकाठी. आमच्या भागात दशक्रियेला सगळी भाऊबंदकी, सोयरे, गाव, पुढारी असे झाडून येतात. माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी होती. दादा ओंजळीत पाणी घेऊन पुढे झाले तेव्हा या मागून मोठ्याने म्हणाल्या, "जित्या माणसाचं पाणी तोडायचं आन मेलेल्याला पाजायचं, असा धर्म हाय व्हय आपला?"

ओंजळ तशीच राहिली. गावाला तेवढं पुरलं.

दादांचं घर त्याच आवारात, मध्ये नवी विटांची भिंत. मी एकटीच गेले. साठीच्या आसपासचा, शांत, हाताने काम केलेला माणूस. मी पुन्हा सगळं सांगितलं. आम्ही बदल केला, नंबर आम्ही काढला, तुमचा काही दोष नाही.

"मला माहीत हाय ना," ते म्हणाले. "मीच केलं नाय म्हंजी दुसऱ्या कोणीतरी केलं असणार. तिनं मला एकदा इचारायचं. दाराला दार लागून हाय."

"आता कळलंय त्यांना."

"तिला कळलं. घाटावर जी माणसं होती त्यांना कोण सांगणार? तुम्ही येता का पुढच्या दशक्रियेला, माइकवर बोलायला?"

ते काही थट्टेने म्हणाले नव्हते.

"पाणी मी तोडलेलं नाय," ते पुढे म्हणाले. "निरोप धाडावा, मी मोटार चालू करतो. पण निरोप धाडायचा म्हंजी बाईचा मान जातो. मग पोरीला पाठवती. मी कधी लासलगावला लिलावात असतो, कधी आणखी कुठं. माझ्या सवडीनं करतो, तिची पाळी निम्मी सरल्याली असती. त्याला मी काय करू?"

खोटं ते बोलत नव्हते. भांडण घाटावरच्या त्या बोलण्यातून उभं राहिलं होतं आणि आता ते स्वतःच्या पायांवर चालत होतं. आमच्या बदलाची त्याला गरज उरली नव्हती.

सोमवारी मी सरांसमोर बसले. दुसरा नंबर परत द्यायला हवा, असं मी म्हटलं.

"एका बाईसाठी?"

"सामाईक विहिरी आपल्याकडे किती आहेत ते आपल्याला ठाऊकच नाही. पेटी विकताना आपण विचारत नाही."

"तक्रारी तर नाहीत."

"ज्याचा नंबर काढला त्याची तक्रार आपण घेत नाही. मग येणार कुठून?"

सर वाईट माणूस नाहीत. विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या प्रोग्रॅममध्ये घेऊ. आता हंगामात पेट्यांना हात लावायचा नाही, एक बंद पडली तर बाग जाईल कोणाची तरी." तेही बरोबर होतं. मग मी म्हटलं, निदान त्या एका पेटीत जुना प्रोग्रॅम परत टाकू. ते जमण्यासारखं होतं. फक्त मालकाच्या फोनवर एक कोड जातो, तो त्याने सांगावा लागतो. दुसऱ्याच्या पेटीशी कोणी खेळू नये म्हणून ती सोय मीच आग्रहाने घालून घेतली होती.

मी दादांना फोन केला. कोड पाठवला.

"आला," ते म्हणाले.

"सांगा ना आकडे."

"चष्मा नाय."

"कोणाला तरी वाचायला सांगा."

"ताई, आधी तिला त्याच लोकांसमोर बोलू द्या. मग मी वाचतो. चष्मा लावून वाचतो."

मी बाईंना तसं कळवलं. मध्यस्थी करायची मला हौस नाही, पण निरोप अडवून ठेवायचाही अधिकार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढचे काही आठवडे बाई आपल्या मुलीच्या हाती चिठ्ठी धाडत होत्या, दादा जमेल तेव्हा मोटार चालू करत होते आणि बाग अर्धपोटी वाढत होती. मी मधून मधून फोन करायचे. त्या एवढंच सांगायच्या, "हाय, उभी हाय."

संक्रांतीनंतर दादांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. नाशिकजवळच्या एका लॉन्सवर, सगळी भाऊबंदकी बोलावलेली. बाईंच्या बागेत तेव्हा मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं. द्राक्षवाल्याला ही वेळ सांगावी लागत नाही. मणी मऊ पडतो, साखर भरते, साल ताणली जाते. तेव्हा पाणी बेताचं आणि नेमाचं हवं. तहानलेल्या वेलीला एकदम पोटभर पाणी मिळालं तर मणी फुगतो आणि तडकतो.

साखरपुड्यात काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी त्या पुढे गेल्या, दादांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दादा, तुम्ही माझं पाणी तोडलं नव्हतं. कंपनीनं तोडलं. मी न इचारता बोलले, माझं चुकलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, जेवून जा."

त्या जेवल्या आणि संध्याकाळी इतरांबरोबर गाडीत बसून घरी आल्या. दादा व्याह्यांसोबत तिकडेच थांबले. निघताना त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "रात्रीची लाइट हाय, तुझी पाळी हाय. तू वॉल्व उघडून ठेव, मी इथून चालू करतो आन बंद करतो. कोड सकाळी देतो त्या कंपनीच्या बाईला." यांनी वॉल्व उघडला. मोटार चालू झाल्याचा आवाज ऐकला. आणि कित्येक दिवसांनी निवांत झोपल्या.

मोटार लाइट होती तोवर चालत राहिली.

सकाळी त्या बागेत गेल्या तेव्हा चिखलात पाय रुतत होते. पहिल्या दिवशी फार काही दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी दिसलं. मी त्या आठवड्यात जाऊन आले. घडाघडांत फुटलेले मणी, त्यातून रस गळतोय, त्यावर माशा आणि गांधीलमाशा. मांडवाखाली आंबूस वास भरला होता. एक मणी फुटला की त्याचा रस शेजारच्याला लागतो आणि तोही सडतो. व्यापारी फाट्यावरूनच परत गेला, बागेत आलाच नाही. दोन बाया घड कापून खाली टाकत होत्या. बांधावर ढीग होता, शेजाऱ्याच्या शेळ्या खात होत्या.

बाई रडत नव्हत्या. कात्री चालवत होत्या.

"दादांना इचारलं," त्या म्हणाल्या. "म्हणतात, मी बंदचा फोन लावला होता, लागला नाय. लॉन्सवर रेंज नव्हती."

"चालू करताना होती."

"तेच म्हणते मी. चालू करताना होती." त्यांनी कात्री थांबवली. "तुमच्याकडं समदं दिसतं ना, कोणी कधी फोन लावला ते? बघून सांगा ताई. इसरले का मुद्दाम केलं. तेवढं एक सांगा. पंचवीस वर्षं द्राक्ष करतात, अशा येळी किती पाणी द्यायचं त्यांना कळत नाय व्हय?"

मी कंपनीत जाऊन पाहिलं. चालू करायचा फोन पेटीपर्यंत पोहोचला होता. बंदचा पोहोचला नव्हता. लावला आणि पोहोचला नाही, की लावलाच नाही, हे आमच्या बाजूने दिसत नाही. पेटीला जे मिळतं तेवढंच पेटी सांगते. त्या रात्री गावातला टॉवरही मधून मधून बंद होता. आमच्या इंजिनिअरला मी तीनदा विचारलं, दुसऱ्या कुठल्या वाटेने कळेल का? तो म्हणाला, "मॅडम, आपण कारण मोजत नाही. आपण फोन मोजतो."

मी बाईंना फोन करून जसं होतं तसं सांगितलं. दिलासा म्हणून काही जोडलं नाही.

"म्हंजी तुमच्या मशीनला बी कळत नाय."

"नाही."

"मग रेंजच नसंल."

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मला काय वाटतं ते एकदा बोलून बघितलं ना ताई," त्या म्हणाल्या. "आता दादा म्हणतात ते खरं."

दादांनी साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी कोड दिला होता. चष्मा लावून, एकेक आकडा सावकाश वाचून दिला. बाईंचा नंबर त्या पेटीला पुन्हा जोडला गेला. मी खात्री करायला त्यांना फोन लावून बघायला सांगितलं. मोटार चालू झाली, बंद झाली. व्यवस्थित.

पावसाळ्याआधी नवा प्रोग्रॅम आला. दुसरा नंबर जोडायची सोय आता सगळ्या पेट्यांत आहे, पहिल्या नंबराने परवानगी दिली तर. फार थोड्या लोकांनी ती वापरली. सर म्हणाले, "बघा, तेवढी गरज नव्हती." मी म्हटलं, ज्यांना गरज आहे त्यांच्या हातात परवानगी नाही. हे वाक्य त्यांनी लिहून घेतलं, पण त्याचं पुढे काही झालं नाही. पेटी विकताना 'विहीर सामाईक आहे का' एवढं विचारा, असं मी आमच्या डीलरांना सांगितलं. पिंपळगावच्या डीलरने मला उडवूनच लावलं. "मॅडम, असं विचारलं की दुकानातच भाऊबंदकी निघते. गिऱ्हाईक पेटी न घेताच घरी जातं."

बाईंनी मे महिन्यात बाग दादांना वाट्याने दिली. स्वतः आता पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंगला जातात. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, बोलता बोलता, स्वतःहून. पाळी आता एकच राहिली आहे, त्यामुळे त्यांचा नंबर काढून टाका म्हणाल्या, उगाच खिशात दाबला जाऊन मोटार चालू व्हायची.

मी काढला. त्या पेटीची एकही तक्रार नाही.